‘गाडी बसते’ म्हणजे काय? कळंब ते खालापूर, एका फुग्यासाठी

गरज नव्हती. हे पहिल्याच ओळीत कबूल करते, म्हणजे पुढे जे घडलं त्याबद्दल कुणी हळहळायला नको. आमच्याकडे चांगली चालणारी छोटी गाडी आहे. ती मीच चालवते, कारण नवऱ्याला, नितीनला, गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. तरी गेली चार वर्षं जेवण झालं की मोबाइलवर जुन्या, लांबलचक, परदेशी गाड्यांच्या जाहिराती बघत बसायची मला सवय लागली होती. नव्या असताना ज्यांची किंमत ऐकून आपण मान वळवतो, त्याच गाड्या तेरा-चौदा वर्षांनी नव्या छोट्या गाडीच्या निम्म्यात मिळतात. का मिळतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. उत्तर मिळायला तीन दिवस लागले. ज्यांच्या मनात असंच काही असेल, त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते.

गाडीच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. नितीन म्हणतो, लिहिलंस तर लोकांना वाटेल आपण श्रीमंत आहोत, न लिहिलंस तर वाटेल गाडी चोरीची आहे. वाटू दे.

गाडी होती कळंबला, एका बंगल्यात. मालक मुंबईत, वयस्कर, फोनवर सरळ बोलणारे. कागदपत्रं त्यांनी आधीच पाठवली, ती मी दोनदा तपासली. म्हणाले, "बंगल्यावर हरिभाऊ आहेत, ते सगळं दाखवतील. आवडली तर न्या." जानेवारीतला शुक्रवार धरून आम्ही पुण्याहून ट्रेनने कर्जतला उतरलो. फलाटावरचा वडा खाल्ला. तो खायलाच हवा असं सगळे सांगतात, मीही सांगते. बाहेरून कळंबला रिक्षा ठरवली. साडेचारशे म्हणाला, चारशेला आला. नेरळला उतरलात तर स्वस्तात पडेल, तिथून शेअर रिक्षा मिळतात. भात केव्हाच कापून झालेला, खाचरांत वाल उभा होता, आणि दर अर्ध्या किलोमीटरवर एका रिसॉर्टची कमान.

हरिभाऊ बंगल्याचे राखणदार. साठीचे, बारीक, बोलायची घाई नसलेले. त्यांनी शेडचं दार सरकवलं आणि मी जी बघत राहिले ते नितीनला माझा दंड धरावा लागला. चंदेरी रंग, आत बदामी कातडं, आणि दार लावल्यावर तो आवाज, म्हणजे आवाज न होण्याचा आवाज.

"गाडीत काही दोष?" मी विचारलं. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते.

"दोष कसला? रातभर उभी रायली का बसते जरा," हरिभाऊ म्हणाले. "पण बसते म्हंजे काय, झकास बसते."

नितीन, ज्याने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, जाणकार आवाजात म्हणाला, "अगं, म्हणजे रस्ता धरून चालते. जड गाड्या रस्त्यावर छान बसतात."

मी वहीत लिहिलं: ‘रस्त्यावर छान बसते.’ पुढे बरोबरची खूण केली. ती वही आजही माझ्याकडे आहे, त्या खुणेसकट.

गाडी अंगणात फिरवून पाहिली. लोण्यासारखी चालली. मालकांना फोन करून होकार कळवला, पैसे पाठवले. हरिभाऊंच्या ओळखीने शेजारच्याच घरी मुक्काम केला. दोघांचे राहून-जेवून अठराशे. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, वर ताक. विचार असा होता की सकाळी उठायचं, खोपोलीवरून घाट चढायचा आणि दुपारच्या जेवणाला घरी.

सकाळी गाडी पुढचा उजवा पाय दुमडून बसलेली होती. दुसरा शब्द नाही. चाक आत शिरलेलं, नाक जमिनीला टेकायला आलेलं, आणि मागची बाजू वर. गोठ्यात म्हैस खाली बसताना अर्ध्यात थांबली तर जशी दिसेल, तशी.

"बसली!" मी ओरडले.

"मंग? बोललो नवतं का, बसते म्हनून? काल तुमी यायच्या आधी चालू करून उठवली होती." हरिभाऊ शांतपणे म्हणाले. "चालू करा. उठंल."

मी चालू केली. कुठेतरी पोटात घर्रर्र सुरू झालं आणि नाक बोटभर वर आलं. मला तेवढं पुरे वाटलं. मी तशीच बाहेर काढली. फाटकाबाहेरच्या पहिल्या गतिरोधकावर खालून ‘फस्स’ असा, सायकलचं चाक गेल्यावर येतो त्याचा मोठा भाऊ म्हणावा असा आवाज आला आणि गाडी पुन्हा बसली. या वेळी उठायचं नाव नाही. चार माणसं लावून ती उलटी शेडमध्ये ढकलली. त्यांतला एक म्हणाला, "लय भारी गाडी हाय." तो वजनाबद्दल बोलत होता.

कर्जतहून मोटरसायकलवर मेकॅनिक आला. गाडीखाली डोकं घालून बाहेर आला आणि नितीनला म्हणाला, "सर, फुगा फाटला."

"मला सांगा, गाडी माझी आहे," मी म्हटलं.

"हो मॅडम. सर, असं हाय," तो पुन्हा नितीनकडे वळला, "ह्या गाडीला स्प्रिंगा नसतात. रबराचा फुगा असतो, त्यात हवा. हवेवर उभी रायते. जुना झाला का हवा जाते, गाडी बसते."

नवा फुगा बाहेरदेशातून मागवावा लागेल, दीड-दोन महिने तरी लागतील, असं त्याने सांगितलं. किंमत विचारली. "ऐकून तुमीबी बसाल," तो म्हणाला. त्याने तीन फोन केले, तिन्हीकडून नकार आला. "कर्जतच्या बाजारात इचारा. जुना मिळाला तर बसवून देतो."

त्याच दिवशी, शनिवारी, आम्ही कर्जतचा बाजार पालथा घातला. स्पेअर पार्टच्या दुकानांत टेंपोचं, रिक्षाचं, ट्रॅक्टरचं सगळं होतं. आमच्या गाडीचं नाव सांगितलं की दुकानदार आधी हसायचे आणि मग चहा विचारायचे. शेवटी नितीनने स्वतःच्या हिमतीवर एका पानवाल्याला विचारलं, "गाडीचे फुगे कुठे मिळतील हो?" पानवाल्याने क्षणात बोट दाखवलं. त्या बोटाच्या दिशेने गेलो तर लग्नाच्या गाड्या सजवणाऱ्याचं दुकान. झेंडूच्या माळा, सोनेरी झिरमिळ्या, आणि फुग्यांचे घोस. मी बाहेरच थांबले, पण पुढचं संभाषण मला नीट ऐकू आलं.

"गाडीला फुगा हवा होता," नितीन म्हणाला.

"देऊ की. कंची गाडी?"

नितीनने नाव सांगितलं. दुकानदार खुर्चीतून उठला. "आयला! मोठं लगीन दिसतंय. चारी बाजूनं लावू ना?"

"नको. फक्त पुढचा उजवा."

"एकच?"

"बाकीचे तीन चांगले आहेत."

दुकानदार जरा थांबला. "रंग?"

"काळाच असतो ना?"

"शुभकार्यात काळा नाय लावत, भाऊ," तो हळू आवाजात, समजावणीच्या सुरात म्हणाला.

मी आत गेले आणि गाडी बसल्याची सगळी हकिकत सांगितली. तो इतका हसला की त्याला टेबल धरावं लागलं. पण डोळे पुसून झाल्यावर त्याच माणसाने आमचं काम केलं. "तसली सेम गाडी हाय खालापूरला. गायकवाड काकांची. चालू होती तवा एका लग्नाची सुपारी, म्हंजे ऑर्डर, आली म्हनून मागाय गेलो होतो. हात लावू दिला नाय. आता बंदच हाय ती, पण एक नटबोल्ट, एक काबला हाललेला नाय."

बंद गाडी, म्हणजे सुटे भाग. मला आनंद झाला हे लिहिताना आता बरं वाटत नाही, पण झाला होता.

कर्जतहून खोपोलीची लोकल दुपारी जवळजवळ रिकामी असते, खिडकी सहज मिळते. खोपोलीहून खालापूरला सहा आसनी रिक्षा. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत शेवटचं घर. अंगणात निळी ताडपत्री, आणि ताडपत्रीखाली आमच्याच गाडीचा आकार.

गायकवाड काका पासष्टीच्या पुढचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बसणंसुद्धा ताठ. "जयभीम, या," म्हणाले आणि आत हाक दिली, "सुजाते, पाणी आण गं." सुजाता त्यांची मुलगी, खोपोलीला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला. शनिवारी अर्धा दिवस, म्हणून घरी होती. काका मुंबईत एका शेठकडे बावीस वर्षं ड्रायव्हर होते. शेठ परदेशी मुलाकडे कायमचे गेले, तेव्हा जाताना ही गाडी काकांच्या नावावर करून गेले. दोन वर्षं चालली. मग गिअरचा कॉम्प्युटर गेला, आणि गेली सहा वर्षं ती इथे उभी आहे.

त्यांनी ताडपत्री उचलली. गडद निळी गाडी, आरशासारखी. चारी बाजूंनी लाकडी ठोकळ्यांवर तोलून धरलेली.

"ठोकळे कशाला?" मी विचारलं.

"नायतर बसंल. बसली का फुगा दुमडतो, दुमडला का फाटतो. पुढचा उजवा तर बंद पडायच्या चार महिने आधी नवा टाकलाय."

पुढचा उजवा. नितीनने माझ्याकडे बघितलं. मी वही मिटली आणि आमचं सांगून टाकलं. काकांनी ऐकून घेतलं आणि ताडपत्री परत खाली सोडली.

"नाय जमायचं."

"द्या हो, बाबा," सुजाता पाण्याचे पेले ठेवत म्हणाली. "दर रविवारी पुसून पुसून रंग जायचा तिचा. ताई, तुमाला सांगते, आईला एवढ्या साड्या नाय घेतल्या यांनी, जेवढं हिला पॉलिश आणलं."

"तू गप गं." मग मला म्हणाले, "आता ती बंद हाय, पण पुरी हाय. एक भाग काढला का दुसरा मागाय येतो, मंग तिसरा. मंग ती गाडी नाय, भंगार झालं."

मी मान हलवली. तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या गाडीचा गिअरचा कॉम्प्युटर चांगला हाय?"

"हो, उत्तम आहे."

"मंग तो मला द्या. माझी चालू होईल." ते मिस्कील हसत होते, पण प्रश्न खरा होता. "दोन्ही सारख्याच. एक जगवायची तर दुसरी मारावी लागती. तुमचीच का जगवायची?"

मी पैसे दिलेत म्हणून? पण त्यांनी बावीस वर्षं दिली होती. मला हौस आहे म्हणून? गाडी माझी होऊन एक दिवसही झाला नव्हता, आणि तेवढ्यात मी एक फुगा फाडला होता. मी म्हटलं, "माहीत नाही, काका. खरंच माहीत नाही."

त्यांनी ताडपत्रीचं टोक नीट केलं. मग म्हणाले, "आधी तुमची गाडी बघीन. मंग बोलू. उद्या येतो कळंबला."

परतीच्या वाटेवर नितीन म्हणाला, "मागू नये, असं वाटतंय." मलाही तसंच वाटत होतं, पण ‘येऊ नका’ असा फोन मी केला नाही. हेही लिहून ठेवते.

रविवारी साडेदहाला काका एसटीने आले. खांद्यावर तांदळाची गोणी, हातात साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली. मेकॅनिकलाही बोलावलं होतं. काका गाडीभोवती एकदा सावकाश फिरले. मग उरलेल्या तीन चाकांमागे साबणाचं पाणी मारून कुठे बुडबुडे येतात का, ते बघायला लागले. पण बघत होते बोटांनी. डोळे दुसरीकडेच.

"फुटली तेव्हा चालू करून किती थांबला होता?"

"थांबले नाही," मी म्हटलं.

"हां. बाई, ही गाडी कुनासाठी घाई करत नाय. आधी तिला पुरं उठू द्यायचं, मंग आपन बसायचं. मोठी मानसं आल्यावर आपन उठतो ना, हिच्याबाबत उलटं, आपन आलो का हिनं उठायचं. शेठसुद्धा तोवर उभं रायचे."

मेकॅनिक चहाला गेला तेव्हा आम्ही दोघंच शेडमध्ये होतो. ते आमच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "माझं लायसन संपलं. नवं करायला गेलो तर डोळ्याच्या डॉक्टरनं सही दिली नाय. मोतीबिंदू नाय, डोळ्याचा मागचा पडदा गेलाय. बरा व्हायचा नाय. घरी बोललो नाय. गाडी बंद हाय म्हनून बाबा चालवत नाय, असं सगळी समजतात. गाडी चालू झाली असती तर..." त्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. "म्हनून पुरी ठेवली होती. बंद, पन पुरी."

 मग त्यांनी गोणीची दोरी सोडली. आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेला काळा, लांबट, भारी नळकांड्यासारखा भाग. त्यांच्या गाडीचा पुढचा उजवा.

"पहाटे काढला. अंधारात सुजातानं बॅटरी धरली. तुमची गाडी बघून मन झालं नसतं तर परत नेला असता." मग आवाज बदलून, "बोलवा त्या पोराला. फिरवून फिरवून आवळायचा, एकदम नाय. मी सांगतो तसं."

तीन तास लागले. काकांनी एकदाही पाना हातात घेतला नाही, पण मेकॅनिकला एकदाही आपल्या मनाने काम करू दिलं नाही. "तू घाई का करतोस रं, गाडी पळून जाते काय? बसलीय ती!" शेवटी गाडी चालू केली. पोटात घर्रर्र झालं. मी दाराबाहेर उभी राहिले. नाक सावकाश, चार बोटं, मग वीतभर वर आलं आणि थांबलं. काकांनी मान हलवली, तेव्हा मी आत बसले. हरिभाऊ म्हणाले, "आता नाय बसायची." मी म्हटलं, "हरिभाऊ, तुम्ही कुठल्याही अर्थाने बोला, मी आता लिहून घेणार नाही."

काकांना खालापूरला सोडायचं होतं. नितीनने मोठ्या अदबीने मागचं दार उघडलं. बावीस वर्षं पुढे बसलेल्या माणसाने आज मागे बसावं, असं त्याला सुंदर काहीतरी सुचलं होतं. काका म्हणाले, "नको हो. मागं बसलो का मला गाडी लागते." ते पुढे बसले. कर्जतपर्यंत माझ्या प्रत्येक ब्रेकच्या अर्धा सेकंद आधी त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. पुढे चौक गावावरून रस्ता चांगला आहे, वळणं मोकळी, फक्त डंपर सांभाळा. एका वळणावर ते म्हणाले, "बरी चालवता." हे प्रमाणपत्र मी फ्रेम करून लावणार आहे.

अंगणात ताडपत्री अर्धी दुमडलेली होती. निळ्या गाडीचं पुढचं उजवं चाक भिंतीला टेकवून ठेवलेलं, आणि त्याच्या जागी पोकळी. सुजाता दारात उभी होती. मोबदला काकांनी सांगितला तो आम्ही दिला. आकडा लिहायचा नाही अशी त्यांची अट आहे, नाहीतर रांग लागेल म्हणाले. आम्ही खोपोलीहून घाट चढलो. गाडी रस्ता धरून चालली, छान. नितीनने माझ्याकडे बघितलं, मी रस्त्याकडे.

हौस असणाऱ्यांसाठी थोडं. अशी गाडी घ्यायची तर ती सकाळी, रात्रभर उभी राहिल्यावर बघा. साबणाच्या पाण्याची बाटली न्या, चाळीस रुपयांना मिळते. विकणाऱ्याचे शब्द ऐका, पण अर्थ स्वतःच्या नवऱ्याला विचारू नका. आणि ‘सुटे भाग मिळतात’ असं कुणी म्हणालं तर ते कुठल्या तरी उभ्या गाडीतून सुटे करावे लागतात, एवढं लक्षात ठेवा.

हा लेख मी आठवडाभर अडवून ठेवला होता, डोळ्यांच्या गोष्टीमुळे. मग काकांनी सुजाताला स्वतःच सांगितलं. ती म्हणाली, "मला दोन वर्षांपासून माहीत हाय, बाबा. पुसताना नेमका धुळीचा पट्टा सोडता तुमी." तिनेच मला फोन करून हे कळवलं, आणि बाबा लिहा म्हणतात, असंही सांगितलं.

त्यानंतर परवा दुपारी काकांचाच फोन आला. नेरळहून एकजण आला होता, तशाच गाडीचा डावा आरसा मागत होता.

"देऊ का?" त्यांनी विचारलं.

"काका, गाडी तुमची. मला काय विचारता?"

"असं कसं? तिचं काय द्यायचं म्हंजे तुमाला इचारायला पायजे. तुमी आता तिच्या घरातल्या."

नाही म्हणायचा मला काय अधिकार होता? तीन आठवड्यांपूर्वी त्याच अंगणात तो माणूस जिथे उभा होता, तिथेच मी उभी होते, हातात वही घेऊन. त्या माणसाचीही काहीतरी हौस असेल, कुठेतरी गाडी अडली असेल. हे सगळं मनात आलं, आणि तोंडातून मात्र दुसरंच निघालं.

"त्याची गाडी बघितल्याशिवाय देऊ नका."

 काका हसले, मोठ्याने, आणि फोन बाजूला धरून त्या माणसाला म्हणाले, "बघ रं, मालकीनबाईपन तेच बोलल्या. कुटं लावलीस गाडी? चल, दाखव."